पंचांगात नसलेला हंगाम : ग्राफिक्स कार्डांची टंचाई आणि पेण-रोहा

ग्राफिक्स कार्ड हा तसा नाशवंत माल. भाजीसारखा तो सडत नाही, पण दीड-दोन वर्षांत नवी पिढी आली की जुन्याचा भाव उतरतो आणि दुकानदाराला माल अंगावर पडण्याची धास्ती लागते. १९९९ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ बाजारात आणले, तेव्हापासून पुढची सतरा-अठरा वर्षे भारतात या धंद्याचा एकच नियम होता : जो थांबेल त्याला स्वस्त मिळेल. २०१७ ते २०२२ या काळात हा नियम दोनदा मोडला. वापरलेली कार्डे नव्याच्या भावात गेली, नवी कार्डे छापील किमतीच्या दुपटीने गेली, आणि बऱ्याचदा कोणत्याच भावात मिळाली नाहीत. ज्या मागणीने हे मुख्यतः घडवले, तिचा संगणकावरच्या खेळांशी किंवा चित्रांशी काही संबंध नव्हता. ती आभासी चलनाच्या मायनिंगची मागणी होती.

रायगड जिल्ह्यातली पेण आणि रोहा ही गावे या पुरवठ्याच्या साखळीत शेवटच्या कडीवर येतात. दोन्ही तालुक्यांची ठिकाणे, दोन्हीकडे संगणकाची दुकाने. पण ती चालतात लॅपटॉप, प्रिंटर, कार्ट्रिज, सीसीटीव्ही आणि दुरुस्तीवर. तीस-चाळीस हजारांचे कार्ड कपाटात ठेवून गिऱ्हाइकाची वाट पाहणे छोट्या गावातल्या दुकानाला परवडत नाही. असे कार्ड ऑर्डरवर येते, नाहीतर गिऱ्हाईक स्वतः मुंबईला जाऊन आणते. गिऱ्हाईकही मोजकेच, पण ठरलेले : लग्नाच्या व्हिडिओचे मिक्सिंग करणारे, फोटो स्टुडिओवाले, घरांचे आराखडे काढणारे, पुढे माणगाव तालुक्यातल्या लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात अभियांत्रिकी शिकणारी मुले, आणि अर्थात खेळणारे. एनव्हिडियाने २००७ मध्ये कुडा ही प्रणाली आणून चित्रांखेरीजची गणितेही कार्डावर करण्याची सोय केली. त्यानंतर कार्ड हे निव्वळ खेळाचे साधन राहिले नाही. मायनिंगची वाटही अशाच सोयीतून निघाली.

मुंबईला जाऊन म्हणजे लॅमिंग्टन रोडला जाऊन. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचे नाव या रस्त्याला मिळाले. आता अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ते पाटीवर आणि पत्त्यात. ग्रँट रोड स्टेशनाजवळचा हा रस्ता एके काळी मिनर्व्हा आणि नाझ यांसारख्या चित्रपटगृहांचा आणि चित्रपट वितरकांच्या कचेऱ्यांचा. त्याच्या आसपास आधी रेडिओचे सुटे भाग, मग टीव्हीचे, आणि ऐंशी-नव्वदच्या दशकांत संगणकाचे सुटे भाग विकणारी दुकाने दाटत गेली. दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळुरूचा एसपी रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट तशी मुंबईची ही पेठ. आयात करणारे बडे वितरक कंपन्यांकडून माल उचलतात, पेठेतली दुकाने वितरकांकडून घेतात, आणि गावातले दुकानदार पेठेतून. म्हणजे पेणला किंवा रोह्याला पोहोचेपर्यंत कार्डाने तीन हात बदललेले असतात. माल मुबलक असताना या तीन हातांचा त्रास होत नाही, उलट घासाघीस करून चार पैसे सुटतात. माल आटला की मात्र पहिला हात दुसऱ्याला देत नाही आणि दुसरा तिसऱ्याला ओळखत नाही.

मायनिंगची गोष्ट ३ जानेवारी २००९ ला बिटकॉइनचा पहिला ब्लॉक तयार झाला तिथून सुरू होते. या चलनाची नोंदवही कोणत्याही बँकेकडे नसते. व्यवहारांचा गठ्ठा नोंदवहीत चढवण्यासाठी जगभरचे संगणक एक निरर्थक पण अवघड गणित सोडवण्याची शर्यत लावतात. जो जिंकेल त्याला नवी नाणी मिळतात. गणित सोडवायची हातोटी वगैरे काही नाही. आकडा घालून बघायचा, जुळला नाही की पुढचा. सुरुवातीला हे काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर चाले. २०१० मध्ये लोकांच्या लक्षात आले की पडद्यावरचे हजारो ठिपके एकाच वेळी रंगवण्यासाठी बनवलेले ग्राफिक्स कार्ड अशी हजारो जुळवणूकही एकाच वेळी करते. दहा हजार बिटकॉइन देऊन दोन पिझ्झे घेणारा म्हणून प्रसिद्ध झालेला लास्लो हान्येच हा कार्डावर मायनिंग करणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी. २०१३ मध्ये फक्त बिटकॉइनसाठी घडवलेल्या खास चिप आल्या आणि ग्राफिक्स कार्ड त्या शर्यतीतून बाद झाले. त्याच वर्षाच्या शेवटी लाइटकॉइन या दुसऱ्या आभासी चलनापायी अमेरिकेत एएमडीच्या रेडिऑन कार्डांचे भाव चढले होते. भारतात त्याची झळ फारशी लागली नाही.

खरी झळ लावली ती इथेरियमने. ३० जुलै २०१५ ला सुरू झालेल्या या चलनाच्या रचनाकारांनी बिटकॉइनचा धडा घेतला होता. खास चिप बनवू शकणाऱ्या दोन-चार कारखान्यांच्या हाती सगळे जाऊ नये म्हणून त्यांनी ईथॅश हे गणितच असे बेतले की त्यात आकडेमोडीपेक्षा मेमरीतून माहिती झपाट्याने वाचण्याला महत्त्व राहावे. सुरुवातीला एक जीबीच्या आसपास असलेली ही माहिती ठरावीक काळाने वाढत जाई आणि ती सगळी कार्डाच्या मेमरीत मावावी लागे. वेगवान मेमरी, ती पुरेशी, आणि किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यातली, असे यंत्र जगात एकच होते : मध्यम किमतीचे गेमिंग कार्ड. मायनिंग सर्वांसाठी खुले राहावे या चांगल्या हेतूने केलेल्या योजनेने घराघरातल्या संगणकाचा एक भाग जगभर महाग केला. हेतू आणि परिणाम यांची अशी फारकत तंत्रज्ञानाच्या इतिहासात नवी नाही, पण इतकी सरळ रेषेत क्वचितच दिसते.

२०१७ च्या सुरुवातीला एक ईथर, म्हणजे इथेरियमचे नाणे, दहा डॉलरच्या आसपास होते. जूनमध्ये ते चारशेच्या घरात गेले. त्या उन्हाळ्यात एएमडीची आरएक्स ४७०, ४८०, ५७० आणि ५८० ही कार्डे दुकानांतून गायब झाली, पाठोपाठ एनव्हिडियाचे जीटीएक्स १०६०. जानेवारी २०१८ मध्ये ईथर चौदाशे डॉलरवर पोहोचले तेव्हा टंचाईचा कळस झाला. मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी एकावर तेरा, एकावर एकोणीस कार्डे बसतील असे बोर्ड काढले. सहा-आठ कार्डे लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या उघड्या चौकटीवर रांगेने टांगायची, रायझर नावाच्या लवचीक वायरींनी बोर्डाला जोडायची, दोन वीजपुरवठे लावायचे आणि समोर टेबलफॅन सोडायचा, याला रिग म्हणत. लॅमिंग्टन रोडवर एक कार्ड मागणारा विद्यार्थी आणि एकदम बारा मागणारा रिगवाला शेजारी उभे राहिले तर माल कोणाकडे जाणार, हे वेगळे सांगायला नको.

भाव का चढतात याचे उत्तर या दोन गिऱ्हाइकांच्या हिशेबात आहे. विद्यार्थ्यासाठी किंवा स्टुडिओवाल्यासाठी कार्ड हा खर्च असतो. तो खिशाकडे पाहून थांबतो. मायनिंगवाल्यासाठी ते भांडवल असते, आणि तो फक्त एवढेच पाहतो की पैसे किती दिवसांत वसूल होतील. समजा एखादे कार्ड वीज वजा जाता दिवसाला तीनशे रुपये देते. तीस हजारांना घेतले तर ते शंभर दिवसांत फिटते, साठ हजारांना घेतले तर दोनशे. साठ हजारांनाही सौदा वाईट नाही. म्हणून कार्डाची किंमत ते बनवायला किती खर्च आला यावर ठरेनाशी झाली. ती ईथरच्या भावाच्या मागे काही आठवड्यांच्या अंतराने चालू लागली. यात आणखी एक मेख होती. दर दिवशी तयार होणारी नाणी जवळपास ठरलेली. जगात कार्डे वाढली की प्रत्येकाचा वाटा घटे. म्हणजे प्रत्येक जण घाईत होता, आणि घाईतला माणूस भाव करत नाही.

या हिशेबातला दुसरा आकडा विजेचा, आणि विजेचा विषय निघाला की रोह्याला इतिहास आहे. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी टाटांनी सह्याद्रीच्या पायथ्याशी उभारलेली तिन्ही जलविद्युत केंद्रे आजच्या रायगड जिल्ह्यात आहेत : खोपोली १९१५, भिवपुरी १९२२ आणि भिरा १९२७. भिऱ्यासाठी मुळा नदीवर मुळशीचे धरण झाले आणि पूर्वेला भीमेकडे जाणारे पाणी डोंगर फोडून पश्चिमेला, कोकणात सोडले गेले. त्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली झालेला मुळशी सत्याग्रह प्रसिद्धच आहे. वीज काढून झालेले पाणी कुंडलिकेत येते. त्यामुळे कोलाडजवळ भर उन्हाळ्यातही सकाळी नदी भरून वाहते आणि राफ्टिंगच्या होड्या सुटतात. खाली रोहा शहर आणि धाटावची औद्योगिक वसाहत त्याच पाण्यावर. नदीला पाणी कधी येणार हे मुंबईला वीज कधी हवी यावर ठरते. दूर कुठेतरी उठलेल्या मागणीने दारातल्या वस्तूचे वेळापत्रक ठरावे, हा अनुभव कुंडलिकेच्या काठाला कार्डांच्या आधी नव्वद वर्षांचा होता.

भिऱ्याची वीज वरून जाते, घरात येते ती महावितरणची. घरगुती ग्राहकाचे दर टप्प्याटप्प्याने चढतात : शंभर युनिटपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा, त्यावर सर्वांत महाग. आरएक्स ५८० ची सहा कार्डांची रिग काटकसरीने चालवली तरी नऊशे वॅटच्या आसपास खाते. म्हणजे दिवसाला एकवीस-बावीस युनिट, महिन्याला साडेसहाशे. घरातले पंखे-फ्रिज त्यात धरले की बिल थेट शेवटच्या टप्प्यात जाते, आणि त्या टप्प्यातले युनिट २०२१ च्या दरांनी सर्व आकार धरून दहा रुपयांच्या पुढे पडे. चीनच्या ज्या सिचुआन प्रांतात पावसाळ्यात जलविद्युत मातीमोल भावाने मिळे, तिथल्या मायनिंगवाल्याशी ही स्पर्धा. शिवाय कोकणातली हवा दमट. मेमध्ये खोलीचे तापमान आधीच छत्तीस-सदतीसच्या घरात आणि त्यात नऊशे वॅटची शेगडी अखंड पेटलेली. जूनमध्ये वादळवाऱ्याने वीज गेली की रिग बंद, आणि बंद रिगचा प्रत्येक तास तोट्याचा. या भागात मायनिंगचा धंदा रुजण्यासारखी परिस्थिती मुळातच नव्हती. टंचाई मात्र पुरेपूर पोहोचली. मायनिंगमधून मिळकत झाली ती स्वस्त विजेच्या प्रदेशांत, आणि किंमत मोजली ती महाग विजेच्या गावांनीही.

पैशाचा मोह मात्र विजेचा दर विचारत नाही. स्वतः रिग न लावता दुसऱ्याच्या मायनिंगमध्ये पैसे गुंतवा, अशी जाहिरात करणाऱ्या योजना याच काळात फोफावल्या. महिन्याला दहा टक्के, तेही अठरा महिने, असे बिटकॉइनमध्ये देण्याचे वचन देणारी गेनबिटकॉइन ही त्यातली सर्वांत गाजलेली. तिच्याबद्दल पुण्यात आणि नांदेडमध्ये गुन्हे दाखल झाले आणि २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटका केल्या. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांना सेवा देण्यास मनाई केली. या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख रोह्याच्या घराण्यातले. आणि शेजारच्या पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी १९५० च्या सुमारास पवनारला कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशावाचून जगण्याचा प्रयोग मांडला होता. एका तालुक्याने पैसा सांभाळणारा दिला, दुसऱ्याने पैसा नाकारणारा. सरकारही नको आणि बँकही नको, पण पैसा हवाच, ही तिसरी तऱ्हा दोघांनाही चमत्कारिक वाटली असती.

२०१८ च्या डिसेंबरमध्ये ईथर शंभर डॉलरच्या खाली गेले. आरएक्स ५८० च्या एका दिवसाच्या मायनिंगमधून विजेचे बिलही नीट सुटेना. जगभरच्या रिग उतरल्या आणि कार्डे सेकंड हँड बाजारात ओतली गेली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी क्रिप्टोची नशा उतरल्यानंतरच्या हँगओव्हरची कबुली दिली आणि कंपनीचा शेअर एका दिवसात जवळपास १९ टक्के कोसळला. मायनिंगमुळे गेमिंगच्या धंद्याची वाढ किती फुगली होती हे गुंतवणूकदारांना पुरेसे सांगितले नाही, या ठपक्यापोटी कंपनीने पुढे मे २०२२ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाला ५५ लाख डॉलरचा दंड भरला.

मायनिंगमधून उतरलेले कार्ड ओळखण्याची एक विद्याच या काळात तयार झाली. कार्ड हातात घेऊन पंख्याचे पाते बोटाने हलवून बघायचे. वर्षभर अखंड फिरलेला पंखा बेअरिंगपाशी डुगडुगतो, फिरताना खरखरतो. कडेने आत डोकावले की मेमरीच्या चिपवरच्या थर्मल पॅडमधून तेल झिरपून सर्किट बोर्डावर चिकट डाग पडलेला दिसतो. धूळ पुसलेली असते, पण उष्णतानिवारक पट्ट्यांच्या खोल फटींत ती राहतेच, आणि खारट दमट हवेत चाललेल्या कार्डाच्या मागच्या पत्र्याचे स्क्रू गंजलेले असतात. एवढे सगळे असूनही कार्ड चांगले निघू शकते, कारण मायनिंगवाला वीज वाचवण्यासाठी चिपचा वेग उतरवून चालवतो. चिपपेक्षा झिजतात ते पंखे आणि मेमरी. दुसरी भानगड बायोसची. मेमरी जोरात चालावी म्हणून कार्डाच्या आतला मूळ प्रोग्रॅम बदललेला असे, आणि असे कार्ड मायनिंगमध्ये उत्तम पण खेळ लावला की पडद्यावर चौकटी उमटवी. मूळ बायोस पुन्हा चढवला की बहुतेक वेळा ते ताळ्यावर येई. सर्वांत फसवी होती ती खास मायनिंगसाठी काढलेली पी१०६ सारखी कार्डे : दिसायला तंतोतंत नेहमीच्या कार्डासारखी, पण मागे मॉनिटर जोडायला भोकच नाही. वॉरंटीचा तर प्रश्नच वेगळा. बिल नाही, किंवा आहे ते मूळ खरेदीदाराच्या नावाचे. तरीही २०१९ चे वर्ष गिऱ्हाइकाचे होते. कमी पैशांत खेळण्याजोगा पीसी जुळवायचा तर तेव्हाच जुळवावा, असे ते दिवस.

दुसरी लाट पहिलीहून मोठी आली, कारण ती एकटी आली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक रद्द ठरवले आणि तीनच आठवड्यांत देश टाळेबंदीत गेला. शाळा, कॉलेज आणि कचेऱ्या घरच्या पडद्यावर आल्या. रायगडात ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ धडकले. विजेचे हजारो खांब आडवे झाले आणि काही गावांत वीज यायला आठवडे लागले. ती आल्यावर ज्यांची यंत्रे बिघडली होती त्यांना नवी हवी होती, आणि चिपचे कारखाने, जहाजांचे कंटेनर, बंदरे असे सगळेच तेव्हा अडखळलेले. अशा वेळी १७ सप्टेंबर २०२० ला एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०८० बाजारात आले. भारतातली जाहीर किंमत ७१,००० रुपये. या किमतीत ते मिळालेले लोक भाग्यवान म्हणायचे. २०२१ मध्ये तेच कार्ड लाखाच्या बरेच पुढे विकले गेले. २५ फेब्रुवारी २०२१ चे आरटीएक्स ३०६०, जाहीर किंमत २९,५००, ते पन्नास हजारांच्या पुढे. टंचाई इतकी की २०१६ चे जीटीएक्स १०५० टीआय पुन्हा बाजारात उतरवले गेले आणि पाच वर्षांनी म्हातारे झालेले हे कार्ड जन्माच्या किमतीहून महाग खपले. त्याची मेमरी फक्त चार जीबी, म्हणून ते वाचले होते : डिसेंबर २०२० च्या अखेरीस इथेरियमची माहिती चार जीबीत मावेनाशी झाली आणि अशी कार्डे मायनिंगवाल्यांच्या कामाची राहिली नाहीत.

मायनिंगला हवीत ती कार्डे मात्र उचलली जात होती. आरटीएक्स ३०८० मायनिंगला लावले तर दिवसाला साडेपाच युनिट खाई. शेवटच्या टप्प्याच्या महाग विजेनेही त्याचे साठ-सत्तर रुपये होत, आणि २०२१ च्या वसंतात मिळकत दिवसाला काही शे रुपये होती. विजेने २०१८ मध्ये घातलेला बांध या भावापुढे कोकणातही टिकत नव्हता.

या काळात भारतीय पेठेत रुळलेली गोष्ट म्हणजे जोडविक्री. कार्ड सुटे मिळणार नाही. त्याबरोबर मदरबोर्ड, वीजपुरवठा, मॉनिटर किंवा अख्खा पीसी घ्यावा लागेल. दुकानदारांचे म्हणणे असे की वितरकच त्यांना तसा माल देतात, आणि सुटे दिले तर रिगवाले किंवा चढ्या भावाने पुन्हा विकणारे उचलतात. दोन्ही गोष्टींत तथ्य होते. पण ज्याचा बाकीचा पीसी शाबूत आहे आणि फक्त कार्ड जळले आहे, त्याला हे तर्कशास्त्र कोरडे वाटणारच. पेणहून एसटीने पनवेल, तिथून लोकलने मुंबई, किंवा रोह्याहून सकाळच्या गाडीने दिवा गाठून पुढे, असा दिवस मोडून आलेल्या माणसाला उत्तर मिळे ते भावाचे नव्हे. “माल नाही” एवढेच. छोट्या गावांपर्यंत टंचाई पोहोचते ती चढलेल्या किमतीच्या नव्हे तर नकाराच्या रूपात, आणि म्हणून ती किमतींच्या आलेखांत दिसत नाही. मुंबई-गोवा महामार्गाचे पनवेल ते इंदापूर हे चौपदरीकरण २०११ पासून चाललेले. त्या रस्त्यावरून मोकळ्या हाताने परतणे आणखी लांबचे.

पेणला हंगाम म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. गणपतीच्या मूर्तींसाठी हे गाव आणि जवळची हमरापूर, जोहे, कळवे ही गावे देशभर ओळखली जातात. विसर्जन झाले की पुढच्या वर्षाचे काम सुरू होते, शाडू आणि प्लास्टरची बेगमी वेळेत होते, कच्च्या मूर्ती महिनोन् महिने आधी परगावच्या व्यापाऱ्यांकडे रवाना होतात. मागणी प्रचंड, पण भाद्रपद शुद्ध चतुर्थी पंचांगात छापलेली असते. अधिक महिना आला तर तोही छापलेला. कच्च्या मालाचा भाव वाढला तरी कारखानदाराला तो आधी कळतो. कार्डांच्या हंगामाला असे पंचांग नव्हते. चिपचा कारखाना आज ऑर्डर घेतो आणि माल काही महिन्यांनी देतो. ईथरचा भाव तोवर तिप्पट झालेला असतो किंवा तिसऱ्या हिश्शावर आलेला. २०१८ मध्ये कंपन्यांनी उत्पादन वाढवले आणि माल गोदामात अडकला. ती आठवण ताजी असल्याने २०२१ मध्ये मायनिंगच्या भरवशावर उत्पादन वाढवण्यात त्यांना धोका दिसत होता, आणि वाढवायचे म्हटले तरी कारखान्यांत जागा नव्हती.

एनव्हिडियाने उपाय केला तो कुलपाचा. आरटीएक्स ३०६० मध्ये असा बंदोबस्त केला की इथेरियमचे मायनिंग चालू आहे हे ओळखून कार्ड निम्म्या वेगाने चालेल. मार्च २०२१ मध्ये कंपनीनेच चुकून प्रसिद्ध केलेल्या एका चाचणी ड्रायव्हरने ते कुलूप उघडले. मे महिन्यात अधिक पक्के कुलूप लावलेली कार्डे आली. वर्षभरात तीही पूर्ण उघडली गेली. मायनिंगसाठी वेगळी, मॉनिटरची जोडणी नसलेली कार्डेही काढली, पण जुनी म्हणून विकता न येणारी वस्तू घ्यायला रिगवाले फारसे उत्सुक नव्हते; पी१०६ चा अनुभव त्यांना होता. चीनने २०२१ च्या मेपासून मायनिंगवर बडगा उगारला तेव्हा भाव थोडे उतरले, आणि नोव्हेंबरात ईथर ४,८०० डॉलरच्या जवळ गेल्यावर पुन्हा चढले.

भारतात २०२२ च्या अर्थसंकल्पाने आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर बसवला आणि १ जुलैपासून व्यवहारांवर एक टक्का टीडीएस सुरू झाला. मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च त्या नफ्यातून वजा करता येणार नाही, हेही सरकारने संसदेत स्पष्ट केले. म्हणजे १८ टक्के जीएसटी भरून, चढ्या भावाने घेतलेली कार्डे हिशेबात शून्य. हौशी रिगवाल्यांचा उत्साह यानेच ओसरला. जो उरला तो ईथरच्या घसरणीने.

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगच बंद केले. नाणी गणिताच्या शर्यतीऐवजी तारण ठेवलेल्या नाण्यांच्या प्रमाणात वाटली जाऊ लागली आणि त्या जाळ्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला. कार्डांना दुसरे चलन मिळाले नाही, कारण बाकीची चलने इतकी लहान की सगळ्या रिग तिकडे वळताच वाटा नगण्य झाला. त्या वर्षीच्या पावसाळ्यापासूनच आरटीएक्स ३० मालिकेची कार्डे जाहीर किमतीला आणि सेकंड हँड बाजारात तिच्याही खाली मिळू लागली होती. पंखा हलवून बघण्याची विद्या पुन्हा कामाला आली.

किंमत उतरली, पण जुन्या पायरीवर परत गेली नाही. दोन वर्षे लोकांनी काय भाव दिला हे कंपन्यांनी पाहिले होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० भारतात १,५५,००० रुपयांपासूनच्या जाहीर किमतीने विक्रीला आले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच्या पुढच्या आरटीएक्स ५०९० ची जाहीर किंमत २,१४,००० रुपये. मध्यम किमतीचे कार्ड म्हणजे पंधरा हजार, हे २०१९ चे समीकरण पुन्हा जुळले नाही. दरम्यान ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आले आणि त्याच चिपच्या कारखान्यांसमोर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांच्या रूपाने नवे, मायनिंगवाल्यांहून कितीतरी श्रीमंत गिऱ्हाईक उभे राहिले. ते लॅमिंग्टन रोडवर येत नाही. थेट कारखान्यातच माल उचलते. २०२५ च्या अखेरीस त्याच्या मागणीने मेमरीचे भाव चढले, आणि कार्ड नको असलेल्या, फक्त जुन्या लॅपटॉपची रॅम वाढवायला आलेल्या गिऱ्हाइकालाही गावातला दुकानदार आधी मुंबईला फोन करून मगच भाव सांगू लागला.